आवाज बंद होता

तो व्हिडिओ मी ३८ सेकंदांत उडवला. होता नऊ मिनिटांचा. आमच्याकडे याला घाई म्हणत नाहीत. उलट एकेका टिकेटवर, म्हणजे तपासायला आलेल्या एकेका व्हिडिओवर, रेंगाळत बसलं, तर आठवड्याच्या शेवटी तक्त्यात आपल्या नावापुढचा आकडा लाल होतो.

मी कंटेंट मॉडरेटर आहे. लोक व्हिडिओ टाकतात, त्यावर कुणी प्रेक्षक किंवा मशीन बोट ठेवतं आणि तो माझ्या क्यूमध्ये, म्हणजे तपासणीच्या रांगेत, येतो. ठेवायचा, काढायचा, वयाची अट घालायची की वर पाठवायचा, एवढंच मी ठरवते. कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी ते सांगता येणार नाही. रुजू होतानाच गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात.

त्या दिवशी मी ‘धोकादायक कृती’च्या क्यूवर होते. हा क्यू हलका समजला जातो. हिंसेच्या क्यूवर काही दिवस काढलेल्याला इथे पाठवतात, जरा डोकं शांत व्हावं म्हणून. कठड्यावरून चालणारी पोरं, चालत्या गाडीच्या टपावर उभे राहणारे, तोंडात काहीबाही कोंबून दाखवणारे ‘चॅलेंज’वाले. बराचसा नुसता मूर्खपणा, आणि मूर्खपणाला बंदी नाही. नियम दोनच गोष्टी विचारतो: बघणाऱ्याने हे करून पाहिलं तर तो मरेल किंवा जबर जखमी होईल का? आणि हे कसं करायचं ते व्हिडिओ दाखवतो का?

टिकेट उघडलं की आधी व्हिडिओ दिसत नाही, दिसते चित्रांची पट्टी. ठरावीक अंतराने घेतलेल्या फ्रेम एकाखाली एक मांडलेल्या. त्या पट्टीत एक फळी होती, फळीवर दोन तारा होत्या आणि पुढच्या फ्रेममध्ये तारांच्या टोकांपासून काळ्या बारीक फांद्या फुटत एकमेकींकडे निघाल्या होत्या. मला लगेच कळलं. लाकडात वीज सोडून जाळून काढलेली नक्षी. ती बघायला सुंदर असते, हे मान्यच करायला हवं. आभाळातली वीज फळीवर गोठल्यासारखी दिसते. त्यासाठी बरेच हौशी लोक भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर वापरतात. कसा ते लिहीत नाही, लिहिलं तर हा लेख माझ्याच क्यूत यायचा. त्या ट्रान्सफॉर्मरमधून दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब बाहेर पडतो आणि माणसाला तिथे चुकून हात लावायची संधी एकदाच मिळते. अमेरिकेतल्या लाकूडकातकाम करणाऱ्यांच्या संघटनेने, अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने, २०१७ मध्येच आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला बंदी घातली. ज्यांचा आयुष्यभराचा धंदा लाकडाचा, ते हात लावत नाहीत. घरी बसलेला माणूस मात्र एक व्हिडिओ बघून उठतो.

टिकेटच्या कोपऱ्यात सूचना होती: आधी काढलेल्या व्हिडिओशी १९ सेकंदांची जुळणी.

ही जुळणी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो. एखादा व्हिडिओ काढला की त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे हॅश, साठवून ठेवतात. तोच तुकडा कुणी पुन्हा टाकला की मशीन ओळखतं. आम्हाला प्रशिक्षणात हे ख्राइस्टचर्चच्या उदाहरणावरून शिकवलं होतं. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या त्या शहरात दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं मारली गेली आणि हल्लेखोराने ते फेसबुकवर लाइव्ह दाखवलं. लाइव्ह चालू असताना बघणारे दोनशेच्या आतच होते. पण पहिल्या २४ तासांत फेसबुकने त्या चित्रणाच्या १५ लाख प्रती काढल्या. त्यातल्या १२ लाखांहून जास्त अपलोड होतानाच अडवल्या. लोकांनी कडा कापल्या, रंग बदलले, पडद्यावर चाललेल्या व्हिडिओचं पुन्हा शूटिंग केलं. एकाच चित्रणाच्या आठशेहून अधिक वेगवेगळ्या आवृत्त्या सापडल्या. अशा पुरापुढे माणूस काय पुरणार? तिथे ठसाच लागतो. पण ठशाला फक्त ‘हा तोच तुकडा’ एवढंच कळतं. तो कुणी आणि कशासाठी दाखवला, हे त्याच्या गावीही नसतं.

तर जुळणी होती, फळी होती, तारा होत्या. मी चार ठिकाणी व्हिडिओ पुढे ढकलत दुप्पट वेगाने पाहिला. काढला. चॅनेलला एक स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाचा ठपका, गेला. पुढचं टिकेट.

आणि हे सगळं मी आवाज बंद ठेवून केलं.

आवाज बंद ठेवणं हा माझा आळस नव्हे. या कामात डोळ्यांपेक्षा कान जास्त दगा देतात. चित्र अंधूक करता येतं, छोटं करता येतं, मान वळवता येते; किंकाळी मात्र जेवताना आठवते, झोपताना आठवते. २०२० साली फेसबुकने अमेरिकेतल्या मॉडरेटरांनी केलेल्या दाव्यात ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड केली. हे काम करून मानसिक आघात झालेल्यांचा तो दावा होता. पैशांसोबत तिथे आणखी एक गोष्ट मान्य झाली: मॉडरेटरांच्या टूलमध्ये आवाज मुळातच बंद असेल आणि चित्र कृष्णधवल करता येईल. आमच्या टूलमध्येही हीच सोय आहे. व्हिडिओ उघडतो तो मुका आणि राखाडी. आवाज हवा असेल तर आपण बटण दाबायचं. हिंसेच्या क्यूवरून आलेला माणूस ते बटण आपणहून दाबत नाही. मीही दाबत नव्हते.

त्यानंतर सात-आठ टिकेटांनी आणखी एक लाकूड आलं. जुळणीची सूचना नव्हती. दोघातिघा प्रेक्षकांनी तक्रार केली होती, एवढंच. ४० सेकंदांचा, चटपटीत व्हिडिओ. ओल्या फळीवर फांद्या उमटतात, कापड फिरतं, पॉलिश चढतं, तयार टेबल. यंत्र कुठेच दिसत नाही, तारांची टोकंसुद्धा फ्रेमच्या कडेला जेमतेम. खाली ओळ: ‘जुन्या वस्तूंतून घरच्या घरी!’ कृती दाखवलेली नाही, म्हणजे सूचना नाहीत, म्हणजे उल्लंघन नाही. ठेवला.

दोन्ही निर्णय नियमाला धरून होते. हे मी स्वतःचा बचाव म्हणून सांगत नाही. पुढे त्याचा संबंध आहे.

तीन तासांनी शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने हेडफोन काढून माझ्याकडे वळून पाहिलं. अपील आपल्याच निर्णयावरचं असेल तर ते आपल्याकडे येत नाही, दुसऱ्याकडे जातं. माझं त्याच्याकडे गेलं होतं.

“लाकडाचा नऊ मिनिटांचा तू काढलास?”

“हो. का?”

“यानं अपिलात एकच ओळ लिहिलीये.” त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मोठ्या अक्षरांत नाही, उद्गारचिन्ह नाही. ‘कृपया आवाज चालू करून बघा.’

त्याने हेडफोन माझ्या हातात दिले.

आवाज एका म्हाताऱ्या माणसाचा होता, जरासा वैतागलेला. विजेची उपकरणं दुरुस्त करण्यात आपलं आयुष्य गेलं, असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं. मग इंटरनेटवरून उचललेला १९ सेकंदांचा तुकडा लावला, मध्येच थांबवला आणि म्हणाला, “हा माणूस जिवंत आहे तो नशिबाने. आता का ते सांगतो.” पुढची आठ मिनिटं त्याने खरंच का ते सांगितलं. लोकांना वाटतं, काही चुकलं तर घरातला ब्रेकर पडेल. तो पडणार नाही, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला तुमच्या अंगातून वाहणारा प्रवाह अलीकडच्या ब्रेकरला दिसतच नाही. त्याच्या लेखी सगळं सुरळीत चाललंय. बाजारातले साधे रबरी हातमोजे एवढ्या दाबाला पुरत नाहीत. फळी ओली असते, टेबल ओलं होतं. शेवटी त्याने ट्रान्सफॉर्मर उचलून कॅमेऱ्यापुढे धरला, त्याची तार पक्कडीने कापली आणि भंगाराच्या डब्यात टाकला. हे मी पट्टीत पाहिलं होतं. मुक्या, राखाडी चित्रात मला ती जोडणीची तयारी वाटली होती.

मी हेडफोन परत दिले. सहकाऱ्याने काही न बोलता निर्णय फिरवला आणि स्ट्राइक उतरवला. शैक्षणिक, माहितीपर, वैज्ञानिक, कलात्मक हेतू असेल तर सूट द्यायची, असं बहुतेक मोठ्या प्लॅटफॉर्मांच्या नियमांत असतं. आमच्याही आहे. ती ओळ मला पाठ आहे.

मी टीम लीडकडे गेले. मला वाटलं होतं बोलणी बसतील. ती म्हणाली, “अगं, यात तू काही पहिली नाहीस.” मग तिने २०२२ ची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या ॲन रिअर्डन यूट्यूबवर खाद्यपदार्थांच्या आणि कलाकुसरीच्या भंपक ‘हॅक्स’चा पर्दाफाश करतात. त्यांनी याच लाकडाच्या नक्षीबद्दल, त्यात गेलेल्या जिवांबद्दल व्हिडिओ केला, आणि यूट्यूबने तोच हटवला. ज्यांच्याबद्दल इशारा होता, ते शिकवणारे व्हिडिओ त्या वेळी सुखाने चालू होते. आरडाओरडा झाल्यावर इशारा परत आला.

“आणि दुसरा?” मी विचारलं. “तो ४० सेकंदांचा. तो मी ठेवलाय. तो काढायला हवा.”

“कोणत्या ओळीखाली?”

इथे मी अडकले. ती मुद्दाम अडवत नव्हती. बंद झालेलं टिकेट पुन्हा उघडायचं तर नियमाची ओळ द्यावी लागते, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर ज्याला जे आवडलं नाही ते त्याने काढलं असतं. व्हिडिओत सूचना नव्हत्या. सुंदर लाकूड दाखवणं हा गुन्हा ठरवला, तर तापलेल्या सळईने, हाताने जाळून नक्षी काढणाऱ्या कारागिरांचं काय? राखाडी चित्रात दोन्ही सारखीच दिसतात.

“पण तो जास्त धोकादायक आहे,” मी म्हटलं. “म्हातारा पूर्ण यंत्र दाखवतो आणि करू नका म्हणतो. हा यंत्र लपवतो आणि घरी करा म्हणतो. मग बघणारा ‘कसं करतात’ ते दुसरीकडे शोधायला जातो.”

“हे लिही,” ती म्हणाली. “अगदी असंच लिही. पॉलिसीवाल्यांकडे पाठवते.”

मी लिहिलं. इंग्रजीत लिहावं लागतं, आणि इंग्रजीत माझा राग नेहमीच सभ्य होतो.

त्या संध्याकाळी काम फारसं झालं नाही. बाहेर या विषयावर जे बोललं जातं ते डोक्यात फिरत होतं. व्हिडिओ प्लॅटफॉर्मांना लगाम घाला म्हणणारे नेहमी वेगाबद्दल बोलतात. युरोपियन संघाच्या नियमानुसार अधिकृत आदेश आल्यापासून एका तासात दहशतवादी मजकूर काढावा लागतो. जून २०२२ पासून तो लागू आहे. तिथल्याच डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमध्ये जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड आहे, ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टमध्ये १० टक्क्यांपर्यंत. दंड हवाच, त्याशिवाय कुणी हलत नाही, हे मी आतून पाहिलंय. पण वरून आलेला दट्ट्या खाली येता येता माझ्या तक्त्यातले सेकंद होतो. युरोपच्या त्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमध्ये मला मनापासून आवडणारं एक कलम आहे, फारसं कुणी न बोललेलं: निर्णय का घेतला ते वापरकर्त्याला कळवायचं, त्याला अपिलाची सोय द्यायची, आणि त्या अपिलाचा निकाल केवळ मशीनवर सोडायचा नाही. २०२० च्या एप्रिल ते जूनमध्ये महामारीमुळे माणसं घरी गेली आणि यूट्यूबने मशीनवर जास्त भार टाकला, तेव्हा एका तिमाहीत १ कोटी १४ लाख व्हिडिओ काढले गेले, आधीच्या तिमाहीच्या जवळपास दुप्पट. त्यातले दीड लाखाहून जास्त अपिलानंतर परत आले. ज्यांनी अपीलच केलं नाही त्यांचा हिशेब कुठे लागत नाही. त्या म्हाताऱ्यानेही वैतागून लॅपटॉप मिटला असता तर त्याचाही लागला नसता.

आठवड्याभराने पॉलिसीवाल्यांचं उत्तर आलं. ४० सेकंदांचा व्हिडिओ काढण्याइतका आधार नाही, मात्र त्याला वयाची अट घातली आहे आणि तो शिफारशींत दिसणार नाही. यंत्र न दाखवता परिणाम दाखवणाऱ्या व्हिडिओंबद्दल स्वतंत्र ओळ ‘विचाराधीन’ आहे. वयाची अट घालून काय होणार, माझ्या मते या यंत्राला हात लावणारे बहुतेक मोठीच माणसं असतात. पण शिफारशींतून काढलं हे खरं औषध. असे व्हिडिओ कुणी शोधत येत नाही, ते समोर येतात.

मी आता या क्यूवर आवाज लावते. सेकंद वाढलेत. हिंसेच्या क्यूवर अजून लावत नाही, लावणारही नाही. लीडला हे माहीत आहे. ती माझा लाल आकडा बघते आणि पुढच्या नावाकडे जाते.

त्या आठवड्याच्या गुणवत्ता तपासणीत गंमत झाली. तपासणारे आमची काही टिकेटं उचलून पुन्हा बघतात. योगायोगाने माझी ही दोन्ही टिकेटं त्यांच्या हाताला लागली होती, अपील यायच्या आधीच. दोन्हींपुढे ‘निर्णय बरोबर’ अशी हिरवी खूण होती. म्हणजे म्हाताऱ्याला त्यांनीही मुकाच पाहिला असणार. अपिलाचा निकाल लागल्यावर पहिल्या टिकेटची खूण लाल झाली. माझ्या नावावर त्या आठवड्यात तेवढी एकच चूक आहे. दुसऱ्या टिकेटची खूण अजून हिरवी आहे.