ग्लॉक 19 की मॉडेल 10: नवव्या आठवड्याअखेरची नोंद

वहीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "घरासाठी रिव्हॉल्व्हर. विषय संपला." नऊ आठवडे आणि दोन्ही हत्यारं मिळून 1,140 राउंड (काडतुसं) झाल्यावर काल ते वाक्य खोडलं. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवावं की रिव्हॉल्व्हर, हा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांच्यासाठी कारण सविस्तर लिहितोय.

पहिले दोन आठवडे

दोन्ही नेमबाजी क्लबची आहेत, त्यामुळे घाई नव्हती. एकीकडे ग्लॉक 19, नऊ एमएम, मॅगझिनमध्ये 15 राउंड. पॉलिमरची फ्रेम, रिकामं पिस्तूल मॅगझिनशिवाय सुमारे 600 ग्रॅम, पूर्ण भरल्यावर साधारण 850. दुसरीकडे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 10, चार इंची नळी, .38 स्पेशल काडतूस, सहा राउंड. अख्खं पोलादी, वजन जवळपास किलोभर. ग्लॉक 19 आलं 1988 साली. मॉडेल 10 चं मूळ डिझाइन 1899 चं, आणि हातात घेतलं की ते जाणवतं. सिलिंडर (राउंड बसतात तो फिरता भाग) बंद होतानाचा तो घट्ट आवाज मला अजूनही फार आवडतो.

माझा स्वतःचा निकाल दोन आठवड्यांतच लागला होता. 7 मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पसारा) पिस्तुलाचा 6 सेंटिमीटर, रिव्हॉल्व्हरचा 7. म्हणजे फरक नाहीच. मग साधं ते बरं, हा माझा तेव्हाचा विचार: सेफ्टीची कळ नाही, स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) नाही, मॅगझिन नाही. एखादा राउंड फुटला नाही तर परत ट्रिगर दाबा, पुढचा राउंड आपोआप समोर येतो.

चूक इथेच होती. मी माझ्या हाताने मोजत होतो. मी महिन्यातले आठ-दहा दिवस बाहेरगावी असतो, आणि ज्या रात्री हे हत्यार खरंच लागेल त्या रात्री घरात बायको असेल.

तिसरा ते पाचवा आठवडा

तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताची सुरुवात आहे. सगळीकडे ऐकलेला सल्ला असा, की हातात जोर कमी असेल तर रिव्हॉल्व्हर घ्या, कारण स्लाइड ओढावी लागत नाही. मीही हेच धरून चाललो होतो.

7 मीटरवर तिचा रिव्हॉल्व्हरचा ग्रुप आला 22 सेंटिमीटर, आणि सगळ्या गोळ्या खाली डावीकडे. मला वाटलं, आवाजाला दचकतेय. आमच्या कोचनी वेगळंच केलं. सिलिंडरचे सहापैकी तीन कप्पे जिवंत राउंडनी भरले, तीन रिकाम्या केसेसनी (गोळी सुटल्यावर उरणारी नळकांडी), आणि कोणती कुठे ते तिला न सांगता सिलिंडर बंद करून हातात दिलं. मी बाजूला उभा राहून फक्त नळीचं टोक बघत होतो. हॅमर (राउंडवर आपटणारा घोडा) रिकाम्या केसवर पडला तेव्हा ना आवाज, ना धक्का, त्यामुळे सगळं उघडं पडलं. पण टोक हॅमर पडल्यावर खाली गेलं नाही. ट्रिगर अर्ध्यावर आला तेव्हापासूनच ते हळूहळू खाली-डावीकडे उतरत होतं. म्हणजे ती दचकत नव्हती. ट्रिगर ओढायला अख्ख्या पंजाचा जोर लागत होता आणि बोटाबरोबर मनगटही ओढलं जात होतं. "दाबता दाबताच सगळं हलतं रे," ती म्हणाली. मी ते आधीच ऐकायला हवं होतं.

ट्रिगर दाबायला लागणारा जोर गेज लावून मोजला. रिव्हॉल्व्हरचा डबल अॅक्शन (हॅमर आधी मागे न ओढता थेट दाबायचा) ट्रिगर पाच किलोच्या थोडा वर, ग्लॉकचा अडीच. किलोभर वजनाची वस्तू स्थिर धरायची आणि तिच्या पाचपट जोर एका बोटाने लावायचा, असं ते गणित आहे. सरावाने जमतं, मला जमलंच. पण तिच्या अंगठ्याला चार आठवड्यांच्या ड्राय फायरने (गोळीविना ट्रिगर दाबायच्या सरावाने) आराम नाही, सूज मिळाली. तिथे हट्ट धरण्यात अर्थ नव्हता.

हॅमर अंगठ्याने मागे ओढून मारलं की हाच ग्रुप 8 सेंटिमीटरवर येतो. कागदावर सुंदर. घरात मात्र मला ते अजिबात नको. मागे ओढलेल्या हॅमरचा ट्रिगर जेमतेम दीड किलोचा असतो, घाबरलेल्या माणसाची बोटं थरथरत असतात, आणि समोरची सावली आपल्याच मुलाची निघू शकते. शिवाय ओढलेला हॅमर न मारता परत हळूच खाली सोडायचा, तेही दुखऱ्या अंगठ्याने. नको.

स्लाइडचं काय?

याचीच मला सर्वात जास्त धास्ती होती आणि हेच सर्वात लवकर सुटलं. ती, आपण सगळे सुरुवातीला करतो तसं, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइड धरून मागे खेचत होती. ते तिला जन्मात जमलं नसतं. कोचनी पिस्तूल छातीजवळ घ्यायला लावलं, नळी समोर सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. डाव्या हाताचा पूर्ण तळवा वरून स्लाइडच्या मागच्या भागावर, चारही बोटं पलीकडून घट्ट. आणि मग डावा हात जागच्या जागी ठेवून उजव्याने पिस्तूल पुढे ढकलायचं. खेचायची नाही, ढकलायचं. शेवटी स्लाइड सोडून द्यायची, हाताने पुढे पोचवायला जायचं नाही. तिसऱ्या प्रयत्नात झालं. त्या संध्याकाळी तिने ते डमी (नकली) राउंडवर चाळीस वेळा केलं, अंगठा न दुखता, कारण या पकडीत अंगठ्याला फारसं कामच नाही.

पिस्तुलाचा तिचा ग्रुप सातव्या आठवड्यात 11 सेंटिमीटर. मला पुरे आहे.

अडकण्याबद्दल

दोन्ही अडकली, आणि दोन्ही वेळा दोष आमच्या हाताचा. सहाव्या आठवड्यात तिच्या पिस्तुलात रिकामी केस स्लाइडमध्ये उभी अडकली. मनगट सैल पडलं होतं, त्यामुळे स्लाइड पूर्ण मागे गेली नाही. मॅगझिनच्या बुडाला थाप, स्लाइड मागे, पुन्हा नेम. हे आता तिला न सांगता जमतं.

रिव्हॉल्व्हर माझ्या हातून बंद पडलं, आणि "रिव्हॉल्व्हर अडकत नाही" म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. केसेस बाहेर काढताना मी नळी आकाशाकडे करायला विसरलो. न जळलेल्या दारूचे दोन-तीन कण एक्स्ट्रॅक्टरच्या चांदणीखाली (केसेस बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या भागाखाली) जाऊन बसले. चांदणी किंचित वर राहिली, त्यामुळे नवे राउंडही किंचित वर राहिले, आणि सिलिंडर घासून फिरेनासा झाला. पिस्तुलाचा अडथळा दोन सेकंदांत निघतो. इथे सगळे राउंड काढून टूथब्रशने चांदणीखालचा भाग झाडावा लागला.

पेटी, अंतर, भिंती

घरातलं सर्वात लांब सरळ अंतर मोजलं: झोपायच्या खोलीच्या दारापासून मुख्य दारापर्यंत 7 मीटर. 1983 साली डेनिस टूलर या अमेरिकी पोलीस प्रशिक्षकाने दाखवलं होतं की 21 फूट, म्हणजे साधारण 6.4 मीटर, अंतर धावत येणारा माणूस दीड सेकंदात कापतो. पिस्तूल ठेवायची चार बटणांची पेटी अंधारात उघडून पिस्तूल हातात यायला तिला साडेचार सेकंद लागतात. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि मी आधी मुख्य दाराची कडी बदलली, झोपायच्या खोलीच्या दाराला आतून बोल्ट लावला. त्या तीन सेकंदांची भरपाई दारच करू शकतं.

घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे पेटी कुलूपबंद हे ठरलेलंच. मॅगझिन भरलेलं, चेंबर (नळीतली राउंडची जागा) रिकामं. याला विरोध करणारे आहेत आणि त्यांचा मुद्दा मला कळतो, एक पायरी वाढते. पण ग्लॉकला बाहेरून लावायची सेफ्टी नसते, आणि झोपेतून दचकून उठलेल्या माणसाच्या हातात ती पायरी मला हवी आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये असा मधला पर्याय मिळत नाही.

टॉर्चबद्दल थोडक्यात: ग्लॉकच्या नळीखाली टॉर्च बसवायची खाच आहे, मॉडेल 10 ला नाही. तरी शोधायला हातातलीच टॉर्च वापरायची असं ठरवलंय. पिस्तुलावरच्या टॉर्चने बघायचं म्हणजे जे बघतोय त्याच्यावर नळी रोखायची. मुलाच्या खोलीची भिंत पातळ प्लायची आहे आणि नऊ एमएमला ती कागदासारखी. म्हणून त्या दिशेला गोळी नाहीच, काहीही झालं तरी. जेफ कूपर या अमेरिकी नेमबाजी प्रशिक्षकाच्या शस्त्रसुरक्षेच्या चार नियमांतला चौथा, लक्ष्य आणि त्यामागे काय आहे याची खात्री, घराचा नकाशा काढल्यावर मला खरा समजला. तुम्हीही एकदा काढून बघा, कोणत्या कोनात काय येतं ते.

साफसफाईची एक नोंद राहिली. ग्लॉक उघडण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो. त्यामुळे मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालूनही बघायचं, मग परत एकदा. काडतुसं तेवढ्या वेळासाठी दुसऱ्या खोलीत.

पुढचा आठवडा

ग्लॉकच्या परवान्याचा अर्ज तिच्या आणि माझ्या, दोघांच्या नावाने करायचा आहे. शनिवारी 150 राउंड, सगळे तिचे: 5 मीटर, कमी उजेड, पेटीपासून सुरुवात. साडेचारचे साडेतीन सेकंद झाले तर पुढच्या नोंदीत लिहीन. मॉडेल 10 रविवारी क्लबला परत जाईल. तत्पूर्वी त्यावर पन्नास राउंड मी माझ्या आनंदासाठी मारणार आहे.