दुधाचे बिल आणि अ‍ॅक्सेसमधील प्रिंट प्रिव्ह्यू

एका गावातील दूध संस्थेसाठी मी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये (नोंदी साठवण्याच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये) हिशेबाचा प्रोग्रॅम केला आहे. तेथे दर दहा दिवसांनी सभासदांची बिले निघतात. तारीख, सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातील बाकीचे घन घटक), दर व रक्कम, आणि खाली पशुखाद्याची व उचलीची कपात असा तो कागद असतो. सभासद तो ओळ न् ओळ तपासून घेतो, त्यामुळे संपूर्ण प्रोग्रॅममध्ये मी सर्वाधिक वेळ या एका रिपोर्टवर, म्हणजे छापायच्या अहवालावर, घालवला आहे.

सुरुवातीला माझ्याकडून एक मोठी चूक झाली. ‘डूकमड.ओपनरिपोर्ट’ या आज्ञेत रिपोर्टच्या नावापुढे तो कोणत्या स्वरूपात उघडायचा हे लिहिले नाही, तर अ‍ॅक्सेस तो पडद्यावर न दाखवता थेट प्रिंटरकडे पाठवते. मी ते लिहिले नव्हते आणि सभासद क्रमांकाची अटही घातली नव्हती. सचिवांनी एकाच सभासदाचे बिल पाहण्यासाठी बटण दाबले आणि गावातील सगळ्यांची बिले छापून येऊ लागली. तेव्हापासून ‘पाहा’ आणि ‘छापा’ ही बटणे मी वेगळी ठेवतो, आणि प्रिव्ह्यू उघडलेला असल्याशिवाय ‘छापा’ हे बटण चालू होत नाही.

येथे प्रिव्ह्यू म्हणजे ‘प्रिंट प्रिव्ह्यू’च हवा. 2007 च्या आवृत्तीपासून मिळणारा ‘रिपोर्ट व्ह्यू’ पडद्यावर वाचायला सोयीचा असला, तरी त्यात पाने पडत नाहीत आणि ‘फॉरमॅट’ इव्हेंट, म्हणजे पानावर मजकूर मांडताना आपोआप चालणारा कोड, चालत नाही. त्यामुळे उचल नसलेल्या सभासदाच्या बिलातून कोडने लपवलेली कपातीची ओळ तेथे दिसतच राहते.

‘फॉरमॅट’ इव्हेंटमध्ये बेरीज करण्याचा मोहही टाळावा, असे माझे ठाम मत आहे. एखादी ओळ पानाच्या तळाशी मावली नाही, तर अ‍ॅक्सेस ती पुढच्या पानासाठी पुन्हा मांडते, इव्हेंट दुसऱ्यांदा चालतो आणि तीच रक्कम दोनदा धरली जाते. सभासदाच्या गटाच्या फूटरमध्ये (नोंदींच्या खालच्या पट्टीत) ‘सम’ लिहिले, किंवा चढती बेरीज हवी असल्यास ‘रनिंग सम’ हा गुणधर्म वापरला, तर आकडा चुकत नाही. ‘प्रिंट’ इव्हेंटचेही तसेच आहे: तो प्रिव्ह्यूतही चालतो, म्हणून ‘बिल छापले’ ही नोंद त्यात केल्यास नुसते पाहिलेले बिलही छापलेले ठरते. ही नोंद मी ‘छापा’ या बटणाच्या कोडमध्ये ठेवली आहे.

कागदाचे गणित साधे आहे, पण ते विसरता येत नाही. ए4 ची रुंदी 210 मिलिमीटर असते. रिपोर्टची रुंदी आणि दोन्ही बाजूंचे समास मिळून त्यापेक्षा थोडे जरी जास्त झाले, तरी उरलेल्या पट्टीसाठी जादा पाने निघतात आणि त्या पट्टीत काही नसेल तर ती कोरी असतात. समास कोडमधून द्यायचे असतील तर ते ट्विप या छोट्या एककात मोजावे लागतात. एका इंचात 1440 ट्विप.

मराठी अक्षरांसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. मंगल फॉन्टची ओळ उंच असते, आणि इंग्रजीच्या मापाने आखलेल्या चौकटीत ‘कीर्ती’ या नावातील रफार आणि वेलांटी वरून कापली जातात, तर ‘कृष्णा’चा ऋकार खालून. चौकटीची उंची वाढवून ‘कॅन ग्रो’ (मजकुरानुसार चौकट उंच होऊ देणारा गुणधर्म) चालू केल्यावर नावे पूर्ण उमटू लागली. आपले नाव तुटलेले पाहून सभासदाला काय वाटत असेल, या विचाराने मी त्या एका चौकटीवर एक संपूर्ण संध्याकाळ घालवली आणि त्याचे मला समाधान आहे.

शेवटी ‘नो डेटा’ इव्हेंट, म्हणजे रिपोर्टसाठी एकही नोंद नसेल तेव्हा चालणारा. म्हैस आटलेली असेल तर त्या सभासदाचे बिलच नसते. अशा वेळी कोरे बिल उघडू नये म्हणून त्या इव्हेंटमध्ये ‘कॅन्सल’ला ‘ट्रू’ करावे, आणि त्यामुळे बटणाच्या कोडमध्ये येणारी 2501 क्रमांकाची (उघडणे रद्द झाल्याची) त्रुटी तेथेच हाताळावी. आता सचिवांना पडद्यावर एवढेच दिसते: ‘या दहा दिवसांत या सभासदाचे दूध आलेले नाही.’