उपवासाला काय चालतं?

सातारा
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

गेल्या रविवारी महाशिवरात्र झाली. गल्लीत घरोघरी साबुदाणा भिजला होता. आज राखेचा बुधवार, आम्हा कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस. कपाळावर राखेचा क्रूस दिसला की शेजारची वहिनी हमखास विचारते, "आज उपवास का? तुम्हाला काय चालतं?" प्रश्न मायेचा आहे, पण उत्तर सरळ देता येत नाही. आपल्याकडे उपवास म्हणजे काय खायचं आणि काय नाही. कॅथलिक उपवासात आधी येतं ते किती खायचं.

नियम थोडक्यात असा. दिवसात एकदाच पोटभर जेवण. बाकी दोन वेळा थोडंसं, आणि ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. मध्ये तोंडात काही टाकायचं नाही. पाणी आणि औषध केव्हाही चालतं. चहाने उपवास मोडत नाही, चहाबरोबरच्या खारीने मोडतो. असा उपवास वर्षात दोनच दिवस बंधनकारक आहे, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि तो १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. या दोन्ही दिवशी मांसही वर्ज्य. तो नियम १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना, म्हातारपणीही.

भाकरीच्या हिशेबात सांगायचं तर दुपारी नेहमीसारखं जेवावं: दोन भाकरी, आमटी, भात. सकाळी अर्धी भाकरी दुधात कुस्करून, रात्री अर्धी भाकरी आणि वाटीभर पिठलं. बिघडतं ते बहुतेक रात्री. सकाळी उत्साहाने काहीच खात नाहीत, दुपारी ऑफिसात डबा अर्धा ठेवतात आणि आठ वाजता भुकेने ताट भरून बसतात. नियम तेव्हाही मोडत नाही, कारण पोटभर जेवण रात्री घेतलं तरी चालतं. पण डोकं दुखत असतं, चिडचिड झालेली असते आणि प्रार्थनेला बसवत नाही. म्हणून जेवण दुपारी घ्यावं. साबुदाण्याची खिचडी निषिद्ध मुळीच नाही. फक्त दाण्याचं कूट आणि तूप घातलेली भरली बशी म्हणजे एक जेवण झालं, एवढं धरून चालावं.

मांस वर्ज्य म्हणजे कोंबडी, मटण बंद. मासे, अंडी, दूध चालतं. म्हणून कोणी मुद्दाम महागडी सुरमई आणून तळतं. कायदा पाळला जातो, दिवस मात्र सणासारखा जातो. सुकट-भाकरी बरी.

आजारी माणूस, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांनी उपवास धरू नये. इन्सुलिन घेणाऱ्याने तर नाहीच. उसाच्या फडात दिवसभर कोयता चालवणाऱ्यालाही सूट आहे. असं खाणं ही कमजोरी नव्हे. त्यांनी त्या दिवशी दुसरं काही सोडावं, मोबाइल किंवा तंबाखू.

राखेबद्दल. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती करतात. घरात क्रुसामागे खोचलेल्या वाळक्या झावळ्या राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी चर्चमध्ये नेऊन द्याव्यात, घंटागाडीत टाकू नयेत. राहिल्याच तर घरी जाळून राख कुंडीत मिसळावी. चर्चमध्ये मदत करणाऱ्यांनी राख वस्त्रगाळ करावी. त्यात पाणी ओतून पातळ लगदा कधीच करू नये. राख आणि पाणी मिळून क्षार होतो आणि कपाळाची आग होते. बोट जरासं ओलं केलं तरी पुरतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

शिवजयंती. पोवई नाक्यावर महाराजांच्या पुतळ्यापाशी पाय ठेवायला जागा नसते, ढोल रात्रीपर्यंत घुमतात. रोजरी, म्हणजे मरियेची माळेवरची प्रार्थना, अशा आवाजातही होते. गुरुवारी मनात घ्यायची प्रकाशाची रहस्यं, म्हणजे येशूच्या कार्यातले पाच प्रसंग, जी पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जोडली. पाच दशकांना, म्हणजे दहा-दहा 'नमो मरिया' प्रार्थनांच्या पाच फेऱ्यांना, पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ नसेल तर एकच दशक, पण शांतपणे. नमो मरियाचा पहिला भाग सांगणाऱ्याने पूर्ण संपवावा, मग बाकीच्यांनी दुसरा उचलावा. दोघे एकमेकांच्या शब्दांवर चढले की उरते ती शर्यत, आणि मुलं तीच शिकतात. एसटीत माळ काढायचा संकोच वाटला तर हाताला दहा बोटं आहेतच.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

संध्याकाळी क्रुसाची वाट: येशूच्या क्रूसमरणाची वाट आठवत चौदा स्थानांवर थांबून केलेली प्रार्थना. चर्च लांब असेल तर घरीही होते. भिंतीवर चौदा साधे क्रूस लावावेत आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत खरंच चालावं, दोन पावलं का होईना. खाटेवरच्या माणसाने हातात क्रूस धरून केली तरी चालते.

प्रार्थना आणि उपवास यांच्या जोडीला तिसरं आहे दान, आणि घरोघरी मागे पडतं ते हेच. शुक्रवारी मटण आणलं नाही, तर त्या अर्ध्या किलोचे पैसे त्याच दिवशी डब्यात पडले पाहिजेत. "महिनाअखेर टाकू" म्हटलं की ते घरखर्चात विरघळतात. डबा झाकणाचा असावा, वर कोणाचं नाव नसावं, आणि तो कोणासाठी हे पहिल्याच आठवड्यात ठरवावं: एखाद्या मुलाची वह्या-पुस्तकं, एखाद्या आजीची औषधं. नुसतं "गरिबांसाठी" म्हणून ठेवलेला डबा भरत नाही.

शनिवार, २१ फेब्रुवारी

पापनिवेदन, म्हणजे फादरांपाशी आपली पापं कबूल करणं. वर्षातून निदान एकदा, आणि गंभीर पाप घडलं असेल तर कम्युनियन, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर, घेण्याआधी. आदल्या रात्री दहा मिनिटं बसून दिवस, घर, पैसा, जीभ असं एकेक आठवावं. मागच्या वेळेला किती महिने झाले ते आधी सांगावं. गंभीर पापं प्रकार आणि अंदाजे संख्येसह सांगावीत. लोक अडतात ते दुसऱ्यांची पापं सांगण्यात. "सासूबाई असं म्हणाल्या, मग दीर मध्ये पडले, मग मी बोलले." यातलं "मी घरातल्या मोठ्यांना टाकून बोलले, तीन-चार वेळा" एवढंच आपलं. बाकीचं दुसऱ्याच्या हिशेबातलं. फादरांनी सांगितलेलं प्रायश्चित्त चर्चच्या बाकावरच पुरं करावं, घरी गेल्यावर राहून जातं. तिथे बोललेलं फादर कधीही, कोणालाही सांगू शकत नाहीत. ते सांगतील ही भीती अजून अनेकांच्या मनातून गेलेली नाही, म्हणून लिहून ठेवलं.

रविवार, २२ फेब्रुवारी

आजचं शुभवर्तमान, म्हणजे चर्चमध्ये वाचलेला बायबलचा उतारा, अरण्यातल्या येशूचं. चाळीस दिवसांची भूक, आणि सैतान म्हणतो, दगडांच्या भाकरी कर.

एमआयडीसीत रविवारी शिफ्ट असणाऱ्यांसाठी: शनिवारी संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, रविवारचीच धरली जाते. कम्युनियनआधी एक तास काही खायचं नाही. हा तास कम्युनियनपासून मागे मोजायचा, मिस्सा सुरू होण्यापासून नाही. आठची मिस्सा आणि पावणेनऊच्या सुमारास कम्युनियन असेल, तर साडेसातचा चहा-पोहे चालतो. वृद्ध आणि आजारी यांना हा तासही लागू नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी आजी रिकाम्या पोटी येतात आणि मिस्सेत घेरी येऊन बसतात. त्यांना आपणहून सांगायला हवं.

प्रायश्चित्तकाळाचे दिवस मोजले तर १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल ४६ भरतात. मधले सहा रविवार वजा करायचे, कारण रविवार पुनरुत्थानाचा. म्हणजे ४०.

कॅलेंडर उघडं आहे तर आणखी एक. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला, गुरुवारी, प्रायश्चित्तकाळातच. त्याच दिवशी संत जोसेफ यांचा मोठा सण. वहिनी पुरणपोळीचं ताट घेऊन येईल आणि दारातच थबकून विचारेल, "चालतं ना आज?" चालतं. दोन्ही हातांनी घ्यायचं, आणि ताट रिकामं परत करायचं नाही.