‘सपाट’ रूटने काढलेले वाभाडे: हाफ ट्रायथलॉन करून आलो त्याची गोष्ट

“रूट एकदम सपाट आहे, पहिल्या हाफसाठी उत्तम.” हे मला तिघांनी सांगितलं. हाफ म्हणजे हाफ ट्रायथलॉन: आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, सगळं सलग. त्यातल्या एकानेही ही रेस केलेली नाही, हे मला रेस झाल्यावर कळलं.

पोहणं ठीक झालं. अंतर १.९ किलोमीटर, घड्याळात भरलं २.२, म्हणजे तीनशे मीटर नागमोडी गेलो. दर आठ-दहा हातांनी डोकं वर काढून बोया (रस्ता दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) बघत जा. पोहण्याबद्दल एवढंच.

आता सायकल. किनाऱ्याने ४५ किलोमीटर जायचं, वळायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. जाताना १ तास २० मिनिटं लागली. वाटलं, आज पाय भलतेच जोरात आहेत. पाय कसले, पाठीमागून वारा होता! इतका वेळ कमरेवर गप्प पडलेला नंबरचा कागद यू-टर्न मारल्यावर फडफडायला लागला आणि पुढचे दोन तास फडफडतच राहिला. परतीला २ तास ५ मिनिटं.

ऊन चढलं की जमीन तापते आणि समुद्रावरचा वारा जोर धरतो, हे शाळेत शिकलेलो. रूटचा नकाशा बघताना मात्र फक्त चढ मोजले. वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट होतो, आणि समोरचा वारा तुमच्या वेगात मिळवायचा असतो. अशा वेळी स्पीडकडे बघूच नका. पॉवर मीटर (पाय किती जोर लावतायत ते मोजणारं यंत्र) असेल तर तो, नाहीतर हार्ट रेट धरा. मी स्पीड टिकवायला गेलो आणि तिथेच मेलो. दुसऱ्याच्या आडोशाला जायचीही सोय नाही, मधे १२ मीटर सोडायचे, नाहीतर पेनल्टी.

शिवाय सपाट रस्त्याला उतार नसतो. पॅडल थांबवायचं नाही, सीटवरून उठायचं निमित्त नाही. साठाव्या किलोमीटरला मान गेली. घाटात केलेली प्रॅक्टिस इथे कामाला येत नाही. एरोबारवर (हँडलला पुढे जोडलेले दांडे, त्यावर कोपरं टेकून वाकून बसायचं) सलग दोन तास बसायची सवय करा, तीही वाऱ्यात. घरात सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवर, म्हणजे ट्रेनरवर, ती होत नाही.

जेल (चालता चालता खायची गोड पाकिटं) तासाला ६० ग्रॅम कार्बच्या हिशेबाने तीन तासांचे नेलेले. शेवटची पंचवीस मिनिटं कोरडी. मिठाच्या पाण्याची बाटली तर आधीच एका पुलाच्या सांध्यावर उडाली होती. दोन जेल जास्त ठेवा, बाटलीला रबर लावा.

धावण्यावर लिहिण्यासारखं काही नाही. २१.१ किलोमीटर, २ तास ४० मिनिटं, निम्मं चालत.

एक राग अजून आहे. आदल्या दिवशी सायकल जोडताना डावं पॅडल बसेना. तिथल्या मेकॅनिकने अर्ध्या मिनिटात बसवलं आणि पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे घेतले. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, आवळताना डावीकडे फिरवायचं. मी उजवीकडे जोर लावत बसलो होतो. सायकल बॅगेत भरायच्या आधी घरी दोनदा खोला-जोडा, आणि आपला पाना बरोबर न्या.

पुढच्या वर्षी तीच रेस परत करणार आहे. मान अजून उजवीकडे वळत नाही, तरी नाव नोंदवून झालंय.