ओराकेईचं खारं विवर

न्यूझीलंडमधलं ऑकलंड शहर पन्नासएक ज्वालामुखींच्या क्षेत्रावर वसलंय. त्यांतलं ओराकेई बेसिन बघून कुणाला ज्वालामुखी आठवणार नाही, कारण इथे डोंगरच नाही. आहे तो सुमारे 700 मीटर रुंदीचा खळगा, खाऱ्या पाण्याने भरलेला. (लोणारशी गल्लत नको, ते विवर उल्कापाताचं.)

सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या आसपास वर येणारा शिलारस भूजलाने भिजलेल्या खडकात शिरला. पाण्याची क्षणात वाफ झाली आणि स्फोटांनी जमिनीलाच भोक पाडलं. उडालेली राख आणि फुटका वालुकाश्म काठावर साचून टफचं (राख घट्ट होऊन झालेल्या खडकाचं) कडं झालं. अशा विवराला 'मार' म्हणतात. टफचा कापलेला काठ दिसला, तर थरांत रुतलेले धोंडे शोधा. धोंड्याखालचे थर वाकलेले असतील तर तो पडला तेव्हा राख ओली होती.

मग तिथे गोड्या पाण्याचं तळं झालं. खरा खजिना त्याच्या तळाशी आहे. शांत पाण्यात गाळ पापुद्र्यांसारखा साचत गेला, आणि मधूनमधून राखेचे थर: काळी राख ऑकलंडच्याच ज्वालामुखींची, फिकट राख दूरच्या ताउपोसारख्या ज्वालामुखींतून आलेली. ताउपोच्या सुमारे 25,500 वर्षांपूर्वीच्या महास्फोटाचा थर ठाऊक असल्याने त्याच्या वरखालच्या थरांचं वय लावता येतं. माझ्या मते काठावरच्या दृश्यापेक्षा हा चिखल पाहण्यासारखा, पण तो दिसतो फक्त बोअरच्या नळीत.

हिमयुग सरल्यावर समुद्र चढला. सुमारे 9,000 वर्षांपूर्वी त्याने कडं फोडलं आणि तळ्याचं खारकच्छ झालं. भरती-ओहोटी आत-बाहेर करू लागली. हा किनारा न्गाती व्हातुआ ओराकेई या माओरी (न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी) समाजाचा.

1920 च्या दशकात रेल्वेसाठी भराव पडला. पाणी अडवायला झडपा बसल्या आणि ओहोटीतही भरलेला तलाव मिळाला. वॉटर स्कीइंगची सोय झाली, पण किंमत पाण्याने मोजली. झडपा बंद राहिल्या की पाणी बदलत नाही, गाळ बसतो, उन्हाळ्यात पाणी तापून शेवाळ माजतं, आणि पावसात रस्त्यांवरचं सगळं वाहून आत येतं. उपाय म्हणजे अधूनमधून पाणी सोडणं. तेही ओहोटीलाच, कारण बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेल्याशिवाय पाणी निघत नाही. रिकामं झालं की चिखल उघडा पडतो, वास येतो. पुढच्या भरतीला दारं उघडी ठेवली की ताजं पाणी आत शिरतं.