लेकरांना घेऊन मालवण: आधी तिथी बघा, मग खोली बुक करा

कोल्हापुरात कोकणची ट्रिप ठरली की पहिली चर्चा घाटावरून होते आणि दुसरी माशांवरून. मोठ्यांची ट्रिप असेल तर एवढं पुरतं. बरोबर दीड ते सहा-सात वर्षांची पोरं असतील तर सगळ्यात आधी विचारायचं ते हे: आपण तिथं असू त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे? याचं उत्तर स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरात असतं. घाटावरच्या माणसांना ते वाचायची सवय नसते, एवढंच.

हिशोब असा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून पंधरापर्यंतच, म्हणजे अमावास्याही पंधराच धरायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनला, पहाटेही आणि दुपारीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी: सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, ओहोटी सव्वापाचला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पोरांचा दिवस आखायला हा अंदाज भरपूर झाला. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्यामुळं सोमवारी जी वेळ छान जमली तीच गुरुवारी जमेल असं धरून चालू नका.

हे एवढं महत्त्वाचं का, तर लहान मुलांना समुद्र नको असतो, ओली वाळू हवी असते. ओहोटीला पाणी मागं सरकतं, घट्ट ओल्या वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो, त्यात घोट्याएवढ्या पाण्याची डबकी राहतात. तीन वर्षांचं पोर तिथं दोन तास रमतं. भरतीला हाच पट्टा गायब होतो. उरते ती कोरडी, पाय रुतणारी, चटके देणारी वाळू आणि तिच्या कडेला येऊन आपटणाऱ्या लाटा. अष्टमीच्या संध्याकाळी पाच वाजता पोचलेल्यांना नेमकं हेच मिळतं आणि मग ‘बीच काही खास नाही’ म्हणून परत येतात.

उन्हामुळं मुलांच्या कामाच्या वेळा दोनच: सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा. संध्याकाळ हवी असेल तर द्वादशी ते चतुर्दशी पकडा. ओहोटी तीन ते साडेचारला होऊन गेलेली असते, पट्टा अजून रुंद असतो आणि पाणी हळूहळू आत यायला लागलेलं असतं. सकाळ हवी असेल तर तृतीया ते पंचमी. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज उरकून निघणाऱ्यांसाठी तर हे फारच सोयीचं आहे. भाऊबीज द्वितीयेला, दुसऱ्या दिवशी तृतीया, म्हणजे पुढचे तीन दिवस ओहोटी सव्वाआठ, नऊ आणि पावणेदहाला. त्या ट्रिपमध्ये नाश्त्याच्या आधी समुद्रावर जायचं आणि संध्याकाळी गावात फिरायचं. उलट केलं तर फसता.

आता रस्ता. मालवण आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. गगनबावड्यावरून करूळ घाटानं वैभववाडी, तळेरे, मग हायवेनं कणकवली, कसाल आणि मालवण. किंवा राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटानं कणकवली. करूळ घाट दरड किंवा कामासाठी अधूनमधून बंद असतो, म्हणून आदल्या दिवशी विचारून घ्या. त्याचा जोडीदार भुईबावडा घाट अरुंद आहे, पोटात ढवळणाऱ्या पोराबरोबर तो नकोच. पोरांसकट थांबत-थांबत पाच तास धरा.

गाडी लागणाऱ्या मुलांचं गणित गगनबावड्यालाच सुटतं. कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर, पहाटे साडेपाचला निघालात तर सातच्या आत तिथं. निघताना दूध पाजायचं नाही. रिकाम्या पोटीही न्यायचं नाही, कारण रिकामं पोट जास्त ढवळतं. कोरडी चपाती किंवा मूठभर चुरमुरे पुरे. (भडंग नको. ते मोठ्यांनी मागच्या सीटवर लपूनसुद्धा खायचं नाही, लसणाच्या वासानं पुढचं काम होतं.) घाट सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं गाडी थांबवून पोरांना पळू द्या. घाटात काचा खाली, एसी बंद, मोबाईल काढून घेतलेला. डोळे पडद्यावर स्थिर आणि अंग वळणावर हलतंय, ह्या भांडणातूनच उलटी होते. खिडकीतून लांबचा डोंगर दिसला पाहिजे, म्हणून सीट उंच असलेली बरी. उलटीचं औषध द्यायचं असेल तर मुलाच्या वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून लिहून आणा आणि घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. वळणं सुरू झाल्यावर दिलेलं औषध पोटात टिकत नाही.

मुक्कामाला मालवणचा चिवला बीच लहान मुलांसाठी आम्हाला सगळ्यात बरा वाटतो. समुद्र तिथं तुलनेनं शांत असतो आणि गाव हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे डॉक्टर, औषधाचं दुकान, दूध सगळं जवळ. सकाळी रापण लागली असेल तर बाकी सगळे बेत रद्द करा. होडीनं समुद्रात मोठा अर्धगोल करून जाळं सोडलेलं असतं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर दोन टोळ्या ओढत असतात आणि तासाभरानं दोन्ही टोळ्या एकमेकांजवळ सरकत येतात. शेवटी खोळ वाळूवर आली की आत चांदीसारखं काहीतरी सळसळत असतं. पोरांना पंधरा पावलं लांब उभं करा. ताणलेला दोर अचानक सुटला तर पोराला आडवा करतो, आणि जाळ्यातून बाजूला फेकलेल्या माशांत काटे मारणारेही असतात. हात लावायची परवानगी रापणवाल्या काकांनीच द्यायची, आपण नाही.

तारकर्ली आणि देवबागची वाळू सुंदर, गर्दीही त्यामुळंच. पण देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं वरून संथ दिसणारं पाणी खालून जोरात ओढतं. संगमावर पोरांनी पाण्यात उतरायचंच नाही, गुडघ्यापर्यंतसुद्धा नाही. इथं एक कोल्हापुरी गैरसमज आडवा येतो. विहिरीत, पंचगंगेत पोहायला शिकलेल्या बापाला वाटतं, पाणी ते पाणी. विहिरीतलं पाणी जागेवर असतं. समुद्रात लाटा फुटत असताना मधेच एखादी गुळगुळीत, जरा गढूळ पट्टी दिसते, तिच्यावरून फेस आत समुद्राकडं जाताना दिसतो. ती जागा शांत दिसते म्हणून लोक पोरांना तिथं नेतात, आणि किनाऱ्यावर चढलेलं पाणी परत जातं ते त्याच वाटेनं. लाटा फुटतायत ती उथळ जागा, त्याच्या कडेला घोट्याएवढं पाणी, एवढीच हद्द.

बुडणारं मूल ओरडत नाही. हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या रेषेवर असतं आणि आवाज काढायला श्वासच नसतो. म्हणून ‘सगळे आहोत की इथं’ ही व्यवस्था चालत नाही. आठ मोठे असले की आठहीजणांना वाटतं दुसरा बघतोय. एक टोपी ठरवा. टोपी ज्याच्या डोक्यावर तो पहाऱ्यावर, मोबाईल दुसऱ्याच्या हातात, मूल हात लांबवला तर पकडता येईल एवढ्याच अंतरावर. पंधरा मिनिटांनी टोपी बदलायची. पोरांचे कपडे भगवे, लाल, पोपटी घ्या. निळ्या-पांढऱ्या कपड्यातलं मूल पाण्यात दिसेनासं होतं.

साधा डायपर घालून पाण्यात नेऊ नका. तो समुद्र पिऊन फुगतो, मांड्यांत वाळू धरतो आणि संध्याकाळपर्यंत कातडी सोलवटते. पोहायचा डायपर मिळतो, नाहीतर नुसती चड्डी. आधी मांड्या, काखा आणि मानेच्या घड्यांना खोबरेल चोळा. परतताना ओल्या अंगाची वाळू टॉवेलनं घासायची नाही, ती सँडपेपरसारखं काम करते. अंग टिपा, वरून पावडर भुरभुरा आणि मग हातानं झटका. वाळू कोरडी होऊन आपोआप सुटते.

जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोड्या पाण्यानं नाही, आणि वाळूनं तर मुळीच चोळू नका. गोड्या पाण्यानं कातडीवर चिकटलेल्या, डंख मारणाऱ्या उरलेल्या पेशीही फुटतात आणि आग वाढते. चिकटलेले धागे चिमट्यानं काढून तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा. पाणी आधी स्वतःच्या हातावर बघायचं. सूज तोंडाकडं गेली किंवा श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना.

सिंधुदुर्ग किल्ला सकाळीच. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला आणि १६६७ साली पुरा केलेला हा किल्ला पोरांना आवडतो तो दोन कारणांनी: होडीतून जायला मिळतं, आणि अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. तो शोधायची पैज लावा. होडीत मात्र लाइफ जॅकेट नीट बघा. घातल्यावर मुलाला हात वर करायला सांगा आणि खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढा. कॉलर कानाला लागली तर ते जॅकेट मोठ्यांचं आहे, पाण्यात मूल खाली आणि जॅकेट वर राहील. लहान मापाचं मागा, नसेल तर पुढची होडी. दरवर्षी कोकणात जाणाऱ्यांनी स्वतःचं विकत घेतलेलं बरं. आत गेल्यावर तटावरून पूर्ण फेरी मारायचा अट्टहास नको, लांबी जवळजवळ तीन किलोमीटर आणि सावली नाही. शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हाताचा ठसा, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोडं पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. एवढं बघून होडीकडं परत. पावसाळ्यात या होड्या बंद असतात, त्यामुळं जून ते ऑगस्टला हा बेतच करू नका.

दुपारचं काय? बारा ते चार पोरांना वाळूवर ठेवणं म्हणजे ताप विकत घेणं. एक दुपार झोपेला द्या. दुसरी कुडाळजवळच्या पिंगुळीला. तिथं ठाकर समाजाच्या कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीची जुनी चित्रं आहेत. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. बाहुल्यांचा खेळ बघायचा असेल तर आधी फोन करून जा.

जेवणाचं थोडक्यात. तांबडा-पांढरा चाखलेलं पोरही मालवणी तिखल्यापुढं, म्हणजे माशांच्या झणझणीत कालवणापुढं, हात टेकतं, म्हणून सांगतानाच वेगळं सांगा. घावणे, आंबोळी, पेज, आणि मिळाल्या तर रसातल्या शिरवाळ्या. गूळ घातलेल्या नारळाच्या रसातल्या या शेवयांना नाही म्हणणारं मूल विरळा. माशात सुरमईची तुकडी द्या, मधला काटा काढला की जवळजवळ मोकळी होते. बारीक काट्यांचे मासे मोठ्यांनी खावेत. शहाळं दिवसातून एक, पण ते पाण्याच्या ऐवजी नव्हे.

गणपतीपुळ्याबद्दल हमखास विचारलं जातं. आंबा घाटानं जाता येतं, देवदर्शन आणि डोंगराची प्रदक्षिणा दोन्ही छान. पण तिथला समुद्र पोरांना पाण्यात उतरवायचा नाही. तळ एकदम खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते. कोरड्या वाळूत खेळवा आणि तिकडूनच रत्नागिरीला या. मत्स्यालय आणि ब्रह्मदेशच्या राजाला जिथं ठेवलं होतं तो थिबा पॅलेस यात अर्धा दिवस मजेत जातो.

येताना जमलं तर सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लजवरून या. सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि भाज्या-फळांचे रंगीत नमुने मिळतात, मोती तलावाच्या कडेला पोरं पाय मोकळे करतात. आंबोली मात्र दिवस मावळायच्या आत चढायची, धुकं उतरलं की पुढची गाडी दिसत नाही.

आणि पोरांनी खिशात भरलेले शंख. शेवटच्या रात्री सगळे एका ताटलीत काढून खोलीच्या कोपऱ्यात ठेवा. सकाळी जे जागचे हललेले असतील त्यांच्यात अजून कुणीतरी राहतंय. ते निघायच्या आधी परत समुद्रात सोडायचे, नाहीतर कागलच्या आसपास गाडीत वास सुटतो.