बॅकअप यशस्वी

साडेअकराला पतसंस्थेतून फोन आला. "साहेब, सगळ्या कर्जदारांना एकच व्याजदर दिसतोय." सॉफ्टवेअरवाल्यांच्या पोराने एका खात्याचा दर दुरुस्त करताना अपडेटच्या ओळीत 'व्हेअर', म्हणजे कोणत्या खात्यासाठी ही अट, लिहिलंच नव्हतं. सोनेतारण, घरतारण, वाहनकर्ज, सगळे एका रांगेत. मी म्हटलं, "घाबरू नका, रात्रीचा बॅकअप आहे." रोज अडीच वाजता 'बॅकअप यशस्वी' असा मेल मला येत होता. तो मजकूर लिहिलेलाही मीच.

फाइल उघडली तर ती एक किलोबाइटसुद्धा भरत नव्हती. आत 'सेट'ने सुरू होणाऱ्या काही ओळी आणि शेवटी 'डेटाबेस डंप कम्प्लीट', म्हणजे डेटाबेसची प्रत पूर्ण. एकही टेबल नाही. आदल्या रात्रीची तशीच, तिच्या आदल्या रात्रीचीही तशीच.

तेवीस दिवसांपूर्वी आम्ही नवा सर्व्हर बसवला होता. जुन्यावर डेटाबेसचं नाव सांगणारं व्हेरिएबल, पीजीडेटाबेस, क्रॉनटॅबच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीच्या, अगदी वर लिहिलेलं होतं. नव्यावर मी ते 'नीट' ठेवायचं म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेस-सॉफ्टवेअरच्या युजरच्या प्रोफाइल फाइलमध्ये एक्स्पोर्ट केलं आणि क्रॉनटॅबमधली फक्त वेळेची ओळ उचलून आणली. त्या युजरने लॉगिन करून बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवली, उत्तम चालली. चालणारच. लॉगिन करताना प्रोफाइल वाचली जाते. क्रॉन ती वाचत नाही. तो आपल्या कामाला होम, लॉगनेम, शेल, जेमतेम दोन फोल्डरांचा पाथ अशी चारदोन व्हेरिएबलं देऊन पाठवतो.

बरं, नाव नाही म्हणून बॅकअप काढणारा पीजी-डंप प्रोग्राम अडला असता तरी भागलं असतं. पण नाव नसेल तर तो युजरच्या नावाचा डेटाबेस धरतो. आमचा युजर पोस्टग्रेस, आणि पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस इन्स्टॉल करतानाच तयार होतो, रिकामा. त्या रिकाम्या घराची तो रोज रात्री इमानेइतबारे यादी करत होता आणि शून्य एक्झिट कोड, म्हणजे 'सगळं ठीक', देत होता. पासवर्डाचीही अडचण नव्हती. त्याच मशीनवरचा तोच युजर म्हटल्यावर दार सताड उघडं. खोटं असं काहीच कुठे नव्हतं, हेच मला अजून पचत नाही.

चौदा दिवसांपेक्षा जुन्या फाइली उडवण्याचं काम मात्र त्याच स्क्रिप्टने चोख केलं होतं. जुन्या सर्व्हरवरून आणलेले खरे बॅकअप त्यात गेले.

जुनं मशीन जिन्याखाली पडलं होतं, भंगारवाला दोनदा सांगूनही न आल्यामुळे. त्यावर शेवटचा खरा डंप सापडला. त्यातून दराचा तेवढा कॉलम परत आणला. मधल्या काळातल्या सतरा कर्जांचे दर हेड क्लार्ककाकांनी कर्जरोख्यांवरून वाचून दाखवले, मी टाइप केले. या काकांच्या कागदांच्या गठ्ठ्यांवर मी बरेच विनोद केले आहेत. त्या संध्याकाळी एकही सुचला नाही.

कामातल्या जोडीदाराचा सल्ला, स्क्रिप्टच्या सुरुवातीला बॅश-आरसी, म्हणजे बॅश शेलची सेटिंग फाइल, सोर्स कर, म्हणजे वाचून घे. जो तो हेच सांगतो. आमची स्क्रिप्ट साध्या एसएच शेलवर (शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) चालते. उबुंटूत त्याच्यामागे डॅश नावाचा शेल असतो आणि डॅशला 'सोर्स' हा शब्दच माहीत नाही. 'सोर्स'ऐवजी टिंब दिलं तरी उबुंटूची बॅश-आरसी सुरुवातीलाच बघते, समोर माणूस बसलाय का? नसेल तर तिथूनच माघारी. व्हेरिएबल खाली लिहिलेलं असेल तर तिथवर गाडी पोचतच नाही.

मी व्हेरिएबल क्रॉनटॅबच्या डोक्यावर परत नेलं आणि स्क्रिप्टच्या पहिल्या कामाच्या ओळीत पहारेकरी बसवला: डॉलर, महिरपी कंस, व्हेरिएबलचं नाव, कोलन, प्रश्नचिन्ह आणि पुढे संदेश. नाव नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. कोलन विसरायचा नाही. नुसतं प्रश्नचिन्ह असेल तर व्हेरिएबल आहे पण रिकामं आहे, हे चालून जातं. मग एन्व्ह कमांडला वजा आय देऊन, म्हणजे सगळी व्हेरिएबलं काढून घेऊन, स्क्रिप्ट चालवली. 'डेटाबेसचं नाव कुठाय?' असं विचारून ती बंद पडली. इतका आनंद मला ती चालताना कधी झाला नव्हता.

मेलमध्ये आता फाइलचा आकार आणि टेबलांची संख्या जाते, शाखाधिकाऱ्यांनाही. चौथ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं: "रोज हे आकडे कशाला पाठवता? यशस्वी झाला एवढंच कळवत जा."